पांढरी पट्टी डाव्या हाताला

हातात धरून खेळायचा टीव्ही गेम या पृथ्वीवर सगळ्यात आधी मी बनवला. जपान वगैरे मागाहून आलं. आता कुणी म्हणेल, खंडूभाऊ, तिकडची पोरं त्याच्या कितीतरी आधी असली यंत्रं खिशातून काढून खेळत होती. असतील खेळत. त्यांची खिशात मावायची, माझं मावायला बैलगाडी लागली असती. वर पाच इंची काचेचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्याच्या बुडाखाली गेमची प्लेट, तिच्या बुडाखाली मोपेडची बॅटरी, आणि हे सगळं मायच्या भाकरीच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात कोंबलेलं. डबा धरायला दोन हात आणि बटणं दाबायला दोन हात, असे चार हात ज्या देवाला आहेत त्याच्याच कामाचं ते यंत्र होतं. बाकीच्यांसाठी मी त्याला दप्तराचा पट्टा शिवून गळ्यात अडकवायची सोय केली होती. रोज दहा मिनिटं खेळलो असतो तर मान अशी खाली गेली असती की गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या असत्या, मल्हारीचं पोरगं अलीकडं लई नम्र झालंय बाई.

मुकुंदवाडीत आमची दीड खोली होती. एक खोली आणि उरलेल्या अर्धीला माय स्वयंपाकघर म्हणायची. वरती पत्रा. उन्हाळ्यात तो असा तापायचा की मायनं भाकरी चुलीऐवजी छपरावर टाकल्या असत्या तर दोन्ही बाजूंनी एकदम भाजून निघाल्या असत्या. मागून रेल्वे गेली की मांडणीवरची भांडी आपसात बडबडायची, आणि गाडी गेल्यावरही एक पितळी ताटली बराच वेळ एकटीच कुरकुरत राहायची. सकाळचा आवाज मायच्या भाकरी थापण्याचा. आमच्या घरात घड्याळ होतं, पण कुणी बघायचं नाही. तिसऱ्या भाकरीला मी उठायचो, पाचव्या भाकरीला दादांचा डबा भरायचा आणि सातवी तव्यावर असताना रस्त्यावर कंपनीचा टेंपो हॉर्न मारायचा. दादा म्हणजे माझे वडील. डब्यात दोन भाकरी, लसणाचा ठेचा, आणि बुधवारी हुलग्याची शेंगोळी. त्या शेंगोळ्यांचा वास टेंपोत असा दरवळायचा की ड्रायव्हर म्हणे पैठण रोड सोडून भलतीकडंच वळायचा. हे मला दादांनीच सांगितलं. थापा मारायची कला आमच्याकडं वंशपरंपरेनं आलेली आहे.

दादा चितेगावच्या एका शेडमध्ये कामाला होते. मोठ्या कंपन्यांसाठी टीव्हीच्या आतल्या सर्किटच्या प्लेटा भरून द्यायचं, म्हणजे त्यांवर सुटे भाग बसवायचं तिथलं काम. आमची सगळी भावकी मेंढरामागं फिरणारी. आजा फिरला, चुलता अजून फिरत होता. दादा सोळाव्या वर्षी हातातली काठी टाकून शहरात आले आणि टीव्हीच्या कामाला लागले. आमच्या गावाकडच्या पाचोडच्या बाजारात या गोष्टीला कसलं वजन होतं, ते आजच्या पोरांना कळायचं नाही. दादा बाजारात उतरले की लोक वाट सोडायचे. ‘टीव्ही बनवणारा मल्हारी आला’ म्हणून चहावाला कप दोनदा धुवायचा. कुणी ना कुणी मुका झालेला रेडिओ घेऊन हजर असायचा. एकदा एका म्हाताऱ्यानं घोंगडीत गुंडाळून आख्खा टीव्ही आणला होता, आजारी कोकरू आणावं तसा.

‘मल्हारी, जरा बघ रं बाबा याच्या पोटात काय झालंय.’

दादा त्याच्या पाठीवर हात फिरवायचे, कान लावायचे आणि उसासा सोडायचे. ‘तात्या, बघितलं असतं. पर कंपनीचा कायदा हाय. भायेरचं यंत्र उघडलं की नोकरी जाती.’

‘व्हय व्हय, मग नगं,’ म्हातारा घाईनं घोंगडी पुन्हा गुंडाळायचा. कायदा ऐकून दादांचं वजन आणखी दोन शेर वाढायचं.

मी दहावी झालो, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सला नंबर लागला, आणि त्याच पावसाळ्यात शेड बंद पडली. मोठ्या कंपन्यांनी काम देणं थांबवलं, मालकानं कुलूप लावलं. दादा घरी आले ते एक निळा शर्ट, एक सोल्डरिंगची कांडी आणि रिकामा डबा घेऊन. दुसऱ्या दिवशी सातव्या भाकरीला ते शर्ट घालून खाटेवर दाराकडं तोंड करून बसले. टेंपो येणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं, मायला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. दहाच्या सुमारास त्यांनी वरचं बटण काढलं. अकराला दुसरं. दुपारी शर्ट खुंटीला. असं आठ महिने चाललं. मी गोष्टी फुगवून सांगतो हे मला मान्य आहे, पण त्या खाटेबद्दल मला फुगवायला काही सापडत नाही. माणूस बसलेला असायचा, एवढंच. माय शेजारच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जायला लागली आणि घरातला भाकरीचा आवाज कमी झाला. तेवढ्यात चुलत्याचा निरोप आला: मेंढरं वाढल्यात, माणूस कमी हाय, पाडव्याला सगळे निघून या, पोराला बी आणा.

रात्री जेवताना दादा मायला एवढंच म्हणाले, ‘टीव्हीवाला म्हून गेलोय गं मी तिथनं. आता मेंढरामागं कोणत्या तोंडानं जाऊ?’

माय म्हणाली, ‘त्याच तोंडानं जायचं. दुसरं कुठून आणता?’ मग तिला वाईट वाटलं असावं, कारण तिनं त्यांच्या ताटात न विचारता गूळ ठेवला.

या सगळ्यात मी काय करत होतो, तर गेम खेळत होतो. शहागंजात रफिकचाचाचा जुन्या सामानाचा गाडा होता. तिथं तुटक्या पंख्यांपासून वकिलाच्या काळ्या कोटापर्यंत सगळं मिळायचं. टीव्हीला जोडायचा गेम मी तिथून उचलला होता. पण टीव्ही शेजारच्यांचा, लाइट सरकारची, आणि दोघंही आपल्या मर्जीनं यायची जायची. दिवसातून सहा-सहा तास लोडशेडिंग. शेवटच्या राक्षसाला मी मारायला टेकलो की सरकार त्याला वाचवायचं. तेव्हा डोक्यात आलं की टीव्हीही आपला पाहिजे आणि लाइटही आपली पाहिजे. रफिकचाचाकडं गाडीत लावायचा पाच इंची टीव्ही धूळ खात होता.

‘चाचा, ये चलता क्या?’

‘चलता नै तो क्या, दौडता,’ चाचा म्हणाले. ‘थोडा हिलता. तसवीर जरा नाचती. तेरे को क्या, नाच भी देख, गेम भी खेल. लेको जा. और हल्लू लेको जा, काच फूटी तो मेरे कने नक्को आना.’

तसवीर नाचायची म्हणजे नुसती नाचायची नाही, लेझीम खेळायची. आयटीआयच्या सरांनी सांगितलं, जुने कंडेन्सर सुकलेत, बदल. कंडेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढी छोटी डबी, दोन पाय असलेली. तिच्या एका अंगाला पांढरी पट्टी असते. ती बाजू ऋण. प्लेटवर जिथं अधिकचं चिन्ह छापलेलं असेल, तिथं पट्टी नसलेला पाय जायला पाहिजे. उलटा लावला तर? सर म्हणाले, कधी थोडा वेळ चालतो, तापतो, मग फुटतो.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात देशपांडे साहेब आमच्या दारात स्कूटरवरून उतरले. बंद पडलेल्या शेडमध्ये ते सुपरवायझर होते. सडपातळ, चष्मा, खिशात तीन पेनं. मायनं शेजारून खुर्ची आणली. त्यांनी चहा अर्धा पिऊन बशीत ठेवला आणि म्हणाले, ‘मल्हारी, मी चिकलठाण्याला छोटी शेड टाकतोय. इमर्जन्सी दिवे, पोरांची इलेक्ट्रिकची खेळणी, असलं काहीतरी. हाताखाली दहा-बारा मुली असतील. मला त्यांच्यावर एक माणूस पाहिजे. ज्याला सर्किट कळतं असा. तू बावीस वर्षं काढलीस, पहिला तू आठवलास. जमेल?’

‘जमंल की साहेब.’

‘बघ हं. नुसतं भरायचं काम नाही. पार्टनरलाही पटायला पाहिजे. एखादी वस्तू स्वतः बनवून घेऊन ये. शनिवारी दुपारी. काहीही आण, चालली म्हणजे झालं.’

स्कूटर वळली आणि दादा जागचे उठले. आठ महिन्यांत ते इतक्या चपळाईनं उठलेले मी पाहिले नव्हते. ‘खंड्या, तुझा तो टीव्ही काढ. गेमसकट डब्यात बसवू.’

माय म्हणाली, ‘कोणता डबा? माझा भाकरीचा? आता भाकरी काय टीव्हीत ठिवू?’

‘ठिव,’ दादा म्हणाले. ‘आठ दिस भाकरी हातावर खाऊ. मग तुला पितळंचा आणतो.’

आम्ही दोघं जमिनीवर पोतं पसरून बसलो. मी टीव्ही उघडला. आत जे काही होतं त्याला मी जंगल म्हणेन: तारा, वेटोळी, डब्या, आणि मागं काचेच्या नळीला लागलेली जाड लाल तार, जिच्यात एवढा करंट असतो की तिनं मला एकदा खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फेकलं होतं. खोली लहान होती, हे मी मान्य करतो. मला वाटलं, आता दादा बोलायला लागतील. बावीस वर्षांचं ज्ञान आता पाटासारखं वाहायला लागेल आणि मी वहीत उतरवून घेईन. वही खरंच शेजारी होती.

‘दादा, हे काय करतं?’ मी एका डबीवर बोट ठेवलं.

दादांनी वाकून बघितलं. ‘हे? हे इथं बसतं.’

‘बसतं, पर करतं काय?’

‘बसतं,’ दादा पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज खाली गेला होता.

‘अन् ही तार कुठनं आली?’

‘ती माझ्याकडं नव्हती.’ माय कांदा चिरत होती, तिचा विळा थांबला. ‘खंडू, माझं चार नंबरचं स्टेशन. प्लेट सरकत यायची. मी अकरा कंडेन्सर लावायचो. पांढरी पट्टी डाव्या हाताला. अकराच्या अकरा, पट्टी डाव्या हाताला. मग प्लेट पुढं जायची.’

‘अन् पुढं?’

‘पुढं पाच नंबर. तिथं दुसरा गडी.’

‘अन् टीव्ही?’

‘टीव्ही व्हताना मी बघितला नाय कधी,’ दादा म्हणाले. ‘दुकानात बघितला.’

आता या वयात मला कळतं की त्या क्षणी मी हसायला नको होतं. मी हसलो नाही असं मी कैक वर्षं लोकांना सांगत आलो, पण हसलो होतो. मोठ्यानं नाही. मायनं विळ्याच्या मुठीनं माझ्या गुडघ्यावर असा ठोसा दिला की पाय आठवडाभर ताशी एक मैल वेगानं चालला. दादांनी वही बंद केली, माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, ‘तू सांग. मी करतो.’

मग तसंच झालं. मी सांगायचो, तेही अर्धं सरांना विचारून, अर्धं अंदाजानं. दादा करायचे. आणि त्या माणसाचा हात काय सांगू! तापलेली कांडी टेकायची, सोल्डरची तार दाखवायची, ती वितळली की उचलायचं. टाका असा बसायचा की जणू चांदीच्या दुकानातून आणून ठेवलाय. प्रत्येक टाका सारखा, चमकदार, टोकदार. मी लावलेले टाके त्यांच्या शेजारी शेळीच्या लेंड्यांसारखे दिसायचे. डब्याला आतून सायकलची ट्यूब चिकटवली, म्हणजे शॉक बसू नये. बटणांना कापलेल्या वहाणेचं रबर. बॅटरीवर मायच्या जुन्या लुगड्याची घडी. शुक्रवारी संध्याकाळी मी पाच कंडेन्सर बदलले, ते घाईत मीच लावले, कारण दादा बॅटरी भरायला चौकात गेले होते. तिघांच्या पट्ट्या डाव्या हाताला आल्या, दोघांच्या उजव्या. प्लेटवरची चिन्हंच तशी होती. बटण दाबलं तर तसवीर गार उभी. एक छोटासा माणूस पडद्यावर उड्या मारायला लागला. माय म्हणाली, ‘अगं बाई, डब्यात माणूस शिरला की!’ दादा तो माणूस बघत राहिले. त्यांनी त्याला एकदाही हलवलं नाही. नुसते बघत राहिले.

शनिवारी मी आयटीआयमधून दीडला घरी आलो. दादांनी दाढी केली होती. निळा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. डबा पाटावर ठेवलेला, त्याला हळदीकुंकू. माय मेसला सुट्टी टाकून घरी होती आणि घरात सुशिल्याचा, म्हणजे फोडणी दिलेल्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा वास होता, भरपूर शेंगदाण्यांचा. दादा गुणगुणत होते. आठ महिन्यांत नव्हे, माझ्या उभ्या जन्मात मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आवाज इतका बेसूर होता की मागून जाणारी मालगाडी वेग वाढवून गेली.

‘ये, ये,’ ते म्हणाले, ‘हे बघ. कालची तुझी लेंडकं सगळी काढली. पाचीच्या पाची नव्यानं लावली. आता बघ, याला म्हनत्यात काम.’ मग आवाज खाली आणून, मायला ऐकू जाऊ नये असा, ‘दोन उलटी लावली व्हतीस रं. पट्टी उजवीकडं. सायबानं बघितलं असतं तर? सरळ केली.’

मी वाकून बघितलं. पाच कंडेन्सर, शाळेच्या कवायतीत उभे राहावेत तसे. पाच पांढऱ्या पट्ट्या डाव्या हाताला. टाके सुंदर. आणि त्यातले दोन कंडेन्सर आता उलटे.

‘लावून बघितलं?’ मी विचारलं.

‘बघितलं की. चित्र आलं झकास. बॅटरी संपाय नको म्हून लगेच बंद केलं.’

आता मी मुळात बडबड्या माणूस. लग्नात जेवणापेक्षा मला ऐकायला लोक जास्त येतात, मयताला गेलो तर मेलेल्याबद्दल त्यानं स्वतः कधी न ऐकलेल्या गोष्टी सांगून येतो. एका वाक्याचं काम होतं. दादा, ही दोन परत फिरवा. वेळ होता, कांडी अजून गरम होती. मी ते वाक्य तोंडात आणलं. तेवढ्यात माय सुशिला घेऊन आली आणि दादांच्या ताटात आधी वाढत म्हणाली, ‘खंड्या, बघ जरा बापाकडं. कसा दिसतोय, कंपनीत जाताना दिसायचा तसा.’ मी बघितलं. आणि मनात म्हटलं, कधी थोडा वेळ चालतो, सर म्हणाले होते. आज तेवढाच थोडा वेळ पाहिजे. मी सुशिला खाल्ला. दोनदा मागून घेतला.

चिकलठाण्याची शेड म्हणजे अजून नुसत्या भिंती होत्या. आत एक लांब टेबल, दोन खुर्च्या, देशपांडे साहेब आणि त्यांचे पार्टनर, अंगानं जाड, सारखा रुमाल फिरवणारे. दादांनी डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, बटण दाबलं. पडदा उजळला. छोटा माणूस उभा राहिला.

‘अरे वा!’ पार्टनर म्हणाले. त्यांनी डबा चक्क गळ्यात अडकवला आणि खेळायला लागले. ‘हे तर भारी आहे की हो देशपांडे. हा उडी कशी मारतो?’

‘उजवं बटण, साहेब,’ दादा म्हणाले. ‘खड्डा आला की दाबायचं.’ इतक्या सहज म्हणाले की मलाच वाटलं, याच माणसानं सगळं बनवलंय.

पार्टनरनी एक खड्डा ओलांडला, दुसरा ओलांडला, तिसऱ्यात पडले आणि हसायला लागले. देशपांडे साहेब पण हसले. दादा हसले. मी मोजत होतो. किती मिनिटं झाली ते मोजत होतो आणि डब्यावर हळूच हात ठेवून बघत होतो. डबा गरम व्हायला लागला होता. मी म्हणालो, ‘साहेब, बास आता, बॅटरी संपंल.’ पार्टनर म्हणाले, ‘थांब रे, एकदाच.’

हा किस्सा मी आजवर ज्यांना सांगितला त्यांना मी असा धमाका सांगितला की हर्सूलच्या जेलात कैदी जागे झाले, विमानतळावर विमान उतरायचं थांबलं. तसं काही झालं नाही. वाटाण्याची शेंग फोडल्यावर होतो तेवढा आवाज झाला. मग दुसरा. पडदा मिटला, डब्यातून पांढरट धूर आला आणि कुजक्या मासळीसारखा वास. पार्टनरनी घाईघाईनं पट्टा मानेतून काढला.

देशपांडे साहेबांनी खिशातून टेस्टर काढला आणि डबा उघडला. ते बराच वेळ आत बघत होते. मग त्यांनी विचारलं, ‘ही सगळी एकाच बाजूला तोंड करून कुणी लावली?’

दादांनी माझ्याकडं बघितलं. मग साहेबांकडं. ‘पोरानं लावलंय, साहेब,’ ते म्हणाले. ‘माझं बघून.’

‘व्हय,’ मी म्हणालो. ‘मीच लावलं.’

साहेबांनी प्लेट उलटी केली. खालचे टाके उन्हात चमकले. त्यांनी अंगठा त्या टाक्यांवरून फिरवला, एकदा, हळूच, आणि मला कळलं की त्यांना कळलंय. बावीस वर्षं रोज ते टाके त्यांच्या नजरेखालून गेले होते. ते माझ्याशी बोलत असल्यासारखं बोलले, पण बघत होते प्लेटकडं. ‘आमच्या शेडमध्ये सगळ्या पट्ट्या एका बाजूला असायच्या. ते काही शास्त्र नव्हतं. प्लेटच मी तशी आखून घेतली होती. लावणाऱ्याला विचार करावा लागू नये, चूक होऊ नये म्हणून. दुसरीकडं तसं नसतं, बाळ.’

दादांनी वरचं बटण काढलं.

‘हात चांगला आहे तुझा,’ साहेब मला म्हणाले. ‘टाके सुंदर आहेत. सोमवारपासून ये. भरायच्या कामाला.’ पार्टनर काहीतरी बोलणार होते, साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. मग दादांना म्हणाले, ‘मल्हारी, पोरगा पाठव.’

‘पाठवतो, साहेब,’ दादा म्हणाले. ‘उपकार झाले.’

आम्ही चालत घरी आलो. डबा माझ्या गळ्यात होता. मी सोमवारी गेलो आणि त्या शेडमध्ये पुढं एकोणीस वर्षं काढली. आयटीआय तिथंच सुटलं. दादा पाडव्याला गावी गेले, एकटेच, मेंढरांच्या मागं, आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले. माय म्हणायची, पोराच्या नोकरीसाठी मी इथं राहिले, पण ती महिन्यातून एकदा पाचोडच्या बाजाराला जायची आणि परत आली की दोन दिवस भाकरी जाड थापायची. आज माझ्या नातवाच्या फोनमध्ये हजार गेम आहेत. तो विचारतो, आजोबा, तुम्हाला खेळता येतं का? मी सांगतो, मी तर जगातला पहिला. त्याला आवडतं.

पण मधला रविवार सांगायचा राहिला. सोमवारी कामावर जायचं होतं आणि टाके तर माझे शेळीच्या लेंड्यांचे. साहेब म्हणाले होते हात चांगला आहे, आता तो हात चांगला करून द्यायला पाहिजे होता, आणि घरात तो एकाच माणसाकडं होता. सकाळी दादांनी पोतं पसरलं, कांडी तापत ठेवली, फुटलेला डबा उघडून प्लेट बाहेर काढली. निळा शर्ट त्यांनी घातला नव्हता. बनियनवर बसले होते.

‘पेनासारखी धर. दाबू नको. आधी पाय तापू दे, मग सोल्डर दाखव. आपसूक येतं. ढकलायचं नाय.’

मी लावला. त्यांनी काढला. मी लावला. त्यांनी काढला. दुपारपर्यंत माझ्या बोटांवर चार फोड आले आणि पाच टाके असे जमले की दादांनी काढले नाहीत. मायनं दोनदा जेवायला बोलावलं, दोघंही उठलो नाही. शेवटी ती ताटं तिथंच घेऊन आली आणि पोत्याच्या कडेला बसली.

‘खंडू,’ दादा म्हणाले. ते माझ्या हाताकडं बघत होते. ‘काल निघायच्या आधी तू डब्यात वाकून बघितलं व्हतंस.’

‘व्हय.’

‘तुला दिसलं व्हतं?’

माय ताट खाली ठेवता ठेवता थांबली. मी कांडी हातात धरून होतो, तिच्या टोकाला सोल्डरचा थेंब लोंबत होता.

‘नाय, दादा,’ मी म्हणालो. ‘नाय दिसलं.’

दादांनी मान हलवली, सावकाश, दोनदा.

‘बरं,’ ते म्हणाले. ‘म्हंजी तू बी माझ्यावानीच निघालास.’ आणि पुढचा कंडेन्सर माझ्यासमोर ठेवला.